मागे बसलेला पियानो

पावसाळ्यातली रात्र होती, वीज गेली होती, आणि खिडकीबाहेरच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की झोप लागणं शक्यच नव्हतं. इअरफोन लावून मी मोबाइलवर चेलो, म्हणजे व्हायोलिनचा गजानंच वाजणारा थोरला भाऊ, आणि पियानो यांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकत पडलो होतो. खोलीत तेवढाच एक उजेडाचा तुकडा. बीथोवनचा एक सोनाटा, म्हणजे अनेक भागांत बांधलेली एकदोन वाद्यांची रचना, संपून दुसरा सुरू झाला, तेव्हा वाजवणारे कोण हे पाहायला पडदा डोळ्यांजवळ आणला. ‘पाब्लो कसाल्स, मिचिस्ला’ एवढं लिहून पुढे तीन टिंबं. खालच्या ओळीत ‘रोस्त्रोपोविच, स्विआ’ आणि पुन्हा टिंबं. त्याखाली तर नुसतंच ‘जॅकलिन दु प्रे’. पडद्याची रुंदी ठरलेली, नावं लांबलचक, तेव्हा कुणीतरी कापलं जाणार हे कळत होतं. पण कापलं गेलेलं नाव प्रत्येक वेळी पियानोवाल्याचंच होतं. पाऊस थांबला, वीज आली, सकाळचा चहा झाला, तरी ती टिंबं काही डोक्यातून जाईनात.

या टोचणीचं मूळ मिरजेत आहे. माझा धाकटा मामा पेटीची साथ करायचा. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, कधीमधी पुणे. देवळातला उत्सव असो की कुणाच्या दिवाणखान्यातली बैठक, गाणाऱ्याच्या डाव्या हाताला मामा बसलेला असे. आई सांगायची, तो गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, गळ्याच्या शिरेकडे बघतो. स्वर तोंडात यायच्या आधी तिथे दिसतो. गाणारा आलाप सोडून श्वासाला थांबला की त्या मोकळ्या जागेत मामाचा सूर राहायचा, आणि गाणारा परतला की तो सूर हलकेच बाजूला व्हायचा. त्याच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेत खासगी मैफलींच्या कॅसेट होत्या. एखाद्या हौशी यजमानानं टेपरेकॉर्डर मांडलेला, मग त्याच्या नकलांच्या नकला. कव्हरवर बॉलपेननं गायकाचं नाव, रागांची नावं, गावाचं नाव. पेटी कुणाची हे लिहायची पद्धतच नव्हती. एका कॅसेटमध्ये पेटी पलीकडच्या वाड्यातून आल्यासारखी ऐकू येते. दुसरीत ती इतकी पुढे आलीय की गायकाचा मंद्र तिच्याखाली गडप झालाय. अशी कॅसेट लावली की मामा मान वाकडी करून थोडा वेळ ऐकायचा आणि एवढंच विचारायचा, “माइक कुठं ठेवला होता रे?”

हा प्रश्न मी आता चेलो-पियानोच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाला विचारतो.

या जोडीत तो फार अवघड होऊन बसतो. व्हायोलिन उंच जाऊन पियानोच्या डोक्यावरून बोलू शकतं. चेलोचा जीव मधल्या आणि खालच्या सप्तकांत आहे, आणि तिथे पियानोचा डावा हात आधीच पाय पसरून बसलेला असतो. दोघांची गाठ पहिल्यांदा नीट बांधली ती बीथोवननं. १७९६ साली, पंचविशीत, तो बर्लिनला गेला. प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म दुसरा स्वतः चेलो वाजवणारा, आणि त्याच्या पदरी द्युपोर नावाचे दोन मातब्बर चेलोवादक भाऊ. बीथोवननं तिथे दोन सोनाटे रचले, आपण पियानोला बसून वाजवले आणि राजाकडून लुई-दोर नाण्यांनी भरलेली तपकिरीची सोन्याची डबी घेऊन परतला. तोवर चेलोच्या सोनाटात कळफलकावरच्या माणसाला बहुधा खालच्या सुरांची एक ओळ आणि वर आकडे मिळायचे. बाकीचं त्यानं आपल्या बुद्धीनं भरायचं. बीथोवननं पियानोचा एकेक स्वर लिहून काढला, आणि छापताना नाव आधी पियानोचं आलं, मग चेलोचं. त्या काळातल्या पियानोचा सांगाडा लाकडी, तारा बारीक, आवाज उमटून लगेच विरणारा. चेलो त्याच्याशेजारी दमदार वाटत असणार. पुढच्या शतकात पियानोत लोखंडी चौकट आली, तारांचा ताण प्रचंड वाढला आणि पारडं पार उलटलं. आज मंचावर पियानोचं झाकण पूर्ण उघडायचं की छोट्या काठीवर टेकवायचं, यावरून दोन वादकांत तालमीच्या वेळी खरीखुरी खडाजंगी होते. व्हिएन्नाचा योझेफ गेन्सबाखर हा गाणं शिकवणारा आणि हौसेनं चेलो वाजवणारा माणूस. ब्राम्सनं आपला पहिला चेलो सोनाटा त्यालाच अर्पण केला. तो वाजवताना गेन्सबाखर ओरडला म्हणे, “मला माझा चेलोच ऐकू येत नाहीये!” पियानोवर ब्राम्स होता. तो म्हणाला, “नशीब समज.”

ध्वनिमुद्रणानं या भांडणात तिसरा माणूस आणून बसवला. सुरुवातीला तो माणूसही नव्हता, नुसता कर्णा होता. १९२५ पर्यंत वादकांनी त्या कर्ण्यासमोर दाटीनं बसायचं, आणि आवाजाच्या जोरावरच मेणाच्या तबकडीत रेघ उमटायची. पियानो त्यात हमखास पिचका येई. आपल्याकडे तो कर्णा १९०२ साली कलकत्त्याला आला. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गनं गौहर जानचं गाणं घेतलं, आणि तीन मिनिटांच्या त्या गाण्यांच्या शेवटी ती आपलं नाव सांगते ते आजही ऐकता येतं. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या कारखान्यात नावाची चिठ्ठी चुकू नये म्हणून ती सोय. त्या घोषणेत साथीदारांची नावं येत नाहीत. मायक्रोफोन आल्यावर पियानोला अंग मिळालं, खालचे सूर मिळाले; पण तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटंच मावायची. पंचवीस मिनिटांचा सोनाटा म्हणजे पाच-सहा बाजू. वाजवता वाजवता मधेच थांबायचं, नवं मेण लागेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं आणि तुटलेल्या श्वासातून पुढचं वाक्य त्याच तापमानाला उचलायचं. एक स्वर घसरला तर ती बाजू पहिल्यापासून, कारण कापायला आणि जोडायला फीत अजून यायची होती. आपले गवई तीन मिनिटांत राग उभा करायला शिकले ती कसरत आपण कौतुकानं सांगतो. अॅबी रोड या लंडनच्या स्टुडिओत बसलेल्या चेलो-पियानोच्या मंडळींची कसरत उलट्या जातीची होती: लांबलचक रचना तुकड्यांत कापायची आणि ऐकणाऱ्याला शिवण दिसू द्यायची नाही.

कान कुठे बसवायचा हे कळायला मला बीथोवनच्या तिसऱ्या सोनाटाची, ए मेजरमधल्या ओपस ६९ ची, सुरुवात सगळ्यात उपयोगी पडली. चेलो एकटाच सुरू होतो. पियानो गप्प. खालच्या पट्टीतलं एक संथ, रुंद वाक्य, कुणाला उद्देशून न म्हटलेलं, आणि शेवटी चेलो एका लांब सुरावर टेकून राहतो. मग त्या धरून ठेवलेल्या सुरावर वरून पियानो येतो. मी आधी कित्येक वर्षं चेलोचं वाक्य ऐकायचो. आता मी त्या वाक्याच्या वेळी पियानोवाला काय करत असेल याची वाट बघत बसतो. चेलोवादक कसाल्स यांनी हा सोनाटा १९३० मध्ये ऑटो शुल्हॉफ यांच्याबरोबर मुद्रित केला. त्यात चेलो मोठा, जवळचा, गजाची लाकडी करकरसुद्धा ऐकू येणारा, आणि शुल्हॉफ दोन पावलं मागे, अदबीनं दार लोटून आत आल्यासारखे. १९३७ साली चेलोवर एमानुएल फॉयरमान आणि पियानोवर मायरा हेस यांनी तोच लंडनमध्ये वाजवला, आणि इथे चित्रच वेगळं. हेस आत येतात त्या संभाषण आधीपासून चालू असल्यासारख्या. बर्लिनच्या संगीत विद्यालयातून फॉयरमान यांना १९३३ मध्ये ज्यू म्हणून काढून टाकलेलं होतं. त्यांच्या वादनात मात्र तक्रारीचा मागमूस नाही, गज इतका सुरळीत की बदलतो कधी ते कळत नाही. १९४२ मध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, एका शस्त्रक्रियेनंतर ते न्यूयॉर्कमध्ये वारले. हेस त्याआधीच, १९३९ च्या शरदापासून, चित्रं हलवून रिकाम्या झालेल्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत युद्धकाळातल्या दुपारच्या मैफली चालवत होत्या. एवढं माहीत झाल्यावर त्या धरून ठेवलेल्या सुरावरचा पियानो मला नुसता सुंदर वाटत नाही, तो भरवशाचा वाटतो.

याच सोनाटाच्या दुसऱ्या भागात एक गंमतीदार जागा आहे. पियानोच्या ओळीत दोन सारखे स्वर बांधून लिहिलेत, म्हणजे एकदा दाबून धरायचा, दुसरा वाजवायचा नाही. पण वर बीथोवननं बोटांचे आकडे दिलेत: आधी चौथं बोट, मग तिसरं. स्वर परत वाजवायचाच नसेल तर बोट कशाला बदलायचं? दोनशे वर्षं पियानोवादक यावर डोकं खाजवताहेत. कुणाच्या ध्वनिमुद्रणात तो दुसरा स्वर सावलीसारखा पुसट उमटतो, कुणाच्यात अजिबात नाही. अशी जागा सापडली की मला मामाच्या भात्याची आठवण होते. एकच सूर धरून ठेवायचा आणि भात्याच्या दाबानं त्याच्या पोटात हलकीशी कळ उठवायची, हे तो करायचा. समोर बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ते कळत असेल. गाणाऱ्याला मात्र नक्की कळायचं, कारण पुढची जागा तो तिथूनच घ्यायचा.

चेलोवादक पिएर फूर्निए यांचा मी भक्त झालो तो मुंबईत काळा घोड्याला असलेल्या ऱ्हिदम हाऊस या संगीताच्या दुकानामुळे. २०१६ मध्ये ते बंद झालं तेव्हा मुंबईकरांनी लिहिलेले हळहळीचे लेख मी सगळे वाचले, कारण पुण्याहून कामाला गेलो की परतीच्या गाडीआधीचा माझाही वेळ तिथेच जायचा. तिथे घेतलेल्या सीडीच्या पुस्तिकेत वाजवणाऱ्यांची पूर्ण नावं असत, कुठल्या सभागृहात, कुठल्या महिन्यात, निर्माता कोण आणि आवाजांचा तोल सांभाळणारा बॅलन्स इंजिनिअर कोण, हेही छापलेलं असे. म्हणजे मामाच्या प्रश्नाचं उत्तर छापील स्वरूपात. फूर्निए लहानपणी आईकडे पियानो शिकत होते. नवव्या वर्षी पोलिओ झाला, पाय पेडलवर चालेनात, म्हणून त्यांच्या हातात चेलो आला. हे वाचल्यापासून श्नाबेल, गुल्डा, केम्फ अशा तीन पिढ्यांच्या, तीन स्वभावांच्या पियानोवादकांबरोबर बीथोवनचे पाचही सोनाटे वाजवलेले फूर्निए मला वेगळे ऐकू येतात. सुटलेल्या वाद्याशी माणूस आयुष्यभर इतक्या सभ्यतेनं बोलू शकतो, हे त्यांच्या गजात आहे. श्नाबेल यांच्याबरोबरचं, १९४७-४८ चं ध्वनिमुद्रण सगळ्यात खरखरीत आहे आणि मला तेच सगळ्यात जास्त आवडतं. श्नाबेल घाई करतात, तुटक बोलतात, चेलोला कोपऱ्यात गाठतात, आणि फूर्निए आवाज न चढवता प्रत्येक वेळी बाहेर येतात.

चेलोवादक रोस्त्रोपोविच आणि पियानोवादक स्विआतोस्लाव रिख्तर यांच्याबद्दल माझं मन अजून दुभंगलेलं आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्ससाठी त्यांनी बीथोवनचे पाचही सोनाटे मुद्रित केले, आणि १९६४ मध्ये एडिंबरात ते एकाच संध्याकाळी सलग वाजवले; त्याचं चित्रीकरणही आहे. ताकद अशी की खिडकीच्या काचा कापाव्यात. दोघांपैकी कुणीही कुणाला साथ करत नाही, दोघंही पुढे बसलेत, आणि माइक दोघांच्या मधोमध. मी अवाक होऊन ऐकतो आणि संपल्यावर मला थोडं एकटं वाटतं. तोच रोस्त्रोपोविच इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या पियानोशेजारी बसला की दुसराच माणूस होतो. ब्रिटन यांनी त्याच्यासाठी १९६१ मध्ये सोनाटा लिहिला. पहिल्या तालमीला दोघंही इतके बावरले होते की चार-पाच मोठे पेग व्हिस्की पोटात गेल्यावर वाद्यांना हात लावला. एकाला रशियन, दुसऱ्याला इंग्रजी, म्हणून बोलायचे ते मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. १९६८ मध्ये त्यांनी शूबर्टचा आर्पेजिओने सोनाटा मुद्रित केला. आर्पेजिओने हे गिटारसारख्या पडद्यांचं आणि सहा तारांचं, पण गजानं वाजवायचं वाद्य; व्हिएन्नाच्या योहान गेओर्ग श्टाउफरनं १८२३ च्या सुमाराला बनवलं आणि बघता बघता नाहीसंही झालं. शूबर्टनं १८२४ मध्ये त्यासाठी लिहिलेला हा सोनाटा १८७१ मध्ये छापला गेला तेव्हा ते वाद्य वाजवणारं कुणी उरलं नव्हतं, आणि तो वारसा चेलोकडे आला. ब्रिटन यांचा पियानो पहिल्या काही स्वरांतच खोलीतला उजेड कमी करतो. लय अगदी सावकाश, इतकी की काही जाणकारांना ती खपत नाही. मला खपते. ब्रिटन चेलोच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरा रेंगाळतात, चेलोला अजून काही म्हणायचंय का ते बघतात, आणि मगच पुढचा स्वर ठेवतात. रोस्त्रोपोविचसारख्या वादळी माणसाला इतकं हळू बोलायला लावणं हे जोरानं होत नाही.

चेलोवादक जॅकलिन दु प्रे आणि तिचा पियानोवादक नवरा डॅनियल बारेनबॉइम यांचं शोपाँचं ध्वनिमुद्रण मी फार वेळा लावत नाही. १९७१ चं बरचसं वर्ष तिला वाजवताच आलं नव्हतं. हात ऐकत नव्हते आणि कारण कुणाला कळत नव्हतं. डिसेंबरात एकाएकी बरं वाटलं, म्हणून फारसा रियाज नसताना दोघं अॅबी रोडला गेले आणि शोपाँ आणि फ्रांक यांचे सोनाटे मुद्रित करून आले. स्टुडिओतलं ते तिचं शेवटचं पूर्ण काम. १९७३ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. शोपाँच्या या सोनाटातला लार्गो, म्हणजे संथ भाग, अगदी छोटा, चारेक मिनिटांचा. एकच सूर-ओळ, कधी चेलोकडे, कधी पियानोकडे, पुन्हा चेलोकडे. ती ओळ बारेनबॉइम ज्या तऱ्हेनं तिच्या हातातून घेतात आणि परत देतात, ते ऐकताना नवरा-बायको, आजार, पुढचं सगळं विसरायचं मी ठरवतो आणि मला ते जमत नाही. ठरवलं तरी कान निरोगी होत नाहीत. कदाचित ते योग्यही नसेल. शोपाँनं हा सोनाटा आपल्या चेलोवादक मित्रासाठी, ओग्युस्त फ्रांशॉमसाठी लिहिला. घरच्यांना पत्रात त्यानं कळवलं होतं की कधी हा आवडतो, कधी नाही. कोपऱ्यात फेकतो आणि पुन्हा उचलतो. १६ फेब्रुवारी १८४८ ला, पॅरिसमधल्या त्याच्या अखेरच्या मैफलीत, दोघांनी यातले शेवटचे तीन भाग वाजवले. क्षयानं पोखरलेला, जन्मभर पियानोसाठीच जगलेला माणूस अखेरच्या मोठ्या रचनेत पियानोशेजारी दुसरी खुर्ची मांडतो. त्याचा पियानो त्या संध्याकाळी कसा वाजला असेल याचं ध्वनिमुद्रण असणं शक्यच नव्हतं, आणि तरी लार्गो ऐकताना मी दर वेळी त्याच्याच हातांचा विचार करतो.

आता ते टिंबांमागचं नाव. मिचिस्लाव होर्शोव्स्की. जन्म १८९२, आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव्हचा. लहानपणी व्हिएन्नात लेशेटिट्स्कींकडे शिकलेला, कोवळ्या वयातच युरोपभर नाव झालेला मुलगा. अंगानं लहानखुरा, हात छोटे. कसाल्स यांची ओळख कुमारवयातच झाली आणि ती गाठ पुढे सुटली नाही. १९३६ मध्ये त्यांनी ब्राम्सचा दुसरा सोनाटा मुद्रित केला, त्याच सुमाराला बीथोवनचे उरलेले. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलेलंच होतं; मग फ्रँकोची राजवट, कसाल्स यांची हद्दपारी आणि फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशांत वाजवायचं नाही ही त्यांची प्रतिज्ञा. १९५० मध्ये फ्रान्समधल्या प्राद या छोट्याशा गावात जग त्यांच्याकडे गेलं, तेव्हा जाणाऱ्यांत होर्शोव्स्की होते. १३ नोव्हेंबर १९६१ ला व्हाइट हाऊसमध्ये केनेडींसमोर कसाल्स वाजवायला बसले, वय वर्षं चौऱ्याऐंशी, तेव्हा पियानोवर एकोणसत्तर वर्षांचे होर्शोव्स्की होते. त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात शूमानचा अडाजिओ आणि अलेग्रो आहे. कसाल्स यांचा सूर म्हातारा झालाय, ते स्वतःशी कण्हतात ते माइकनं टिपलंय, आणि पियानो त्यांच्या श्वासाखाली हात धरून उभा आहे. १९७३ मध्ये कसाल्स गेले. त्यानंतर होर्शोव्स्कींची वीस वर्षं उरली होती. एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा लग्न केलं. दृष्टी जवळजवळ गेली होती तेव्हा, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांची एकल वादनाची नवी ध्वनिमुद्रणं बाजारात आली आणि लोकांना नव्यानं शोध लागल्यासारखं झालं. ९९ व्या वर्षी, १९९१ मध्ये, फिलाडेल्फियात शेवटची मैफल. शंभरीनंतरही ते शिष्यांना शिकवत होते. १९९३ च्या मे महिन्यात, १०१ वा वाढदिवस महिनाभरावर आलेला असताना, ते गेले. एकट्याच्या त्या उशिराच्या ध्वनिमुद्रणांत मोझार्ट आणि शोपाँ वाजवताना त्यांचा पियानो मधे मधे थांबून कुणाला तरी जागा देतो, असा मला भास होतो. तो माझाच भास असेल, पण इतकी दशकं दुसऱ्याच्या श्वासावर लक्ष ठेवलेल्या हातांना ती सवय राहत नसेल का?

माझी मामेबहीण, त्या पेटीवाल्या मामाची मुलगी, सांगलीला असते आणि शाळेत संगीत शिकवते. वडिलांचे कान तिच्याकडे आलेत. तिला मी गेल्या महिन्यात ब्राम्सचा दुसरा सोनाटा, एफ मेजरमधला ओपस ९९, दोन ध्वनिमुद्रणांत पाठवला: कसाल्स-होर्शोव्स्की १९३६, दु प्रे-बारेनबॉइम १९६८. चारही नावं पूर्ण लिहून. ब्राम्सनं हा १८८६ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये थूनच्या तळ्याकाठी लिहिला, आणि यात साथ कुणी करायची हे त्यानं मुद्दाम सैल सोडलंय. सुरुवातीला पियानो दोन्ही हातांनी थरथरत राहतो आणि त्यावरून चेलो मोठमोठ्या उड्या मारत येतो. पुढे तीच थरथर चेलो आपल्या दोन तारांवर घेतो, गज आडवातिडवा हलवत, आणि पियानो वर बोलायला लागतो. दुसऱ्या भागाच्या आरंभी तर चेलो गज बाजूला ठेवून बोटानं तारा छेडतो आणि गाणं पियानोकडे असतं. वर्षानुवर्षं पुढे बसणाऱ्यानं काही क्षण मागे सरकायचं.

दोन दिवसांनी तिचा फोन. “पहिल्यात माइक चेलोच्या पायाशी ठेवलाय. पियानो फार मागं गेलाय. अन्याय आहे हा.” मी म्हटलं, खरखर सोड आणि होर्शोव्स्कींच्या डाव्या हाताकडे लक्ष दे. म्हणाली, दिलं; बाबांसारखा हात आहे, म्हणूनच राग येतो. दु प्रे-बारेनबॉइममध्ये पियानो कसा अंगावर येतो बघ, तिथे दोघांना सारखी खोली दिलीय. मी म्हटलं, सारखी खोली मिळाली खरी, पण बारेनबॉइम ती काही ठिकाणी जरा जास्तच वापरतात. हे तिला मुळीच मान्य नाही. पण एका बाबतीत ती स्वतःहून नमली: दुसऱ्या भागात चेलो तारा छेडतो ती जागा कसाल्स यांचीच चांगली. “तिथं त्यांना साथ करता येते,” असं म्हणाली, “इतका मोठा वादक, पण पेटीवाल्याच्या जागेवर बसायला लाजत नाही.” मी तिला सांगितलं की हे त्यांनी शेजारच्या माणसाकडून उचललं असणार. तिचं म्हणणं, पुरावा दे. पुरावा माझ्याकडे नाही, नुसते कान आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ती पुण्याला येतेय, तेव्हा दोन्ही पुन्हा लावून हा वाद पुढे न्यायचा ठरलाय. तोवर मला फूर्निए आणि बाखहाउस यांचं १९५५ चं ध्वनिमुद्रण काढून ठेवायचंय, कारण तिला तिसऱ्या जोडीचंही मत हवंय.